बाबांकडे उरलेलं क्रियापद

३ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र परवा पोचलं. गुडघ्याची वाटी फुटली हे वाचून आम्ही दोघं घाबरलो, आणि मग, खोटं कशाला सांगू, थोडं हसलोही. जन्मभर जाडजूड शब्दकोश उचललेस तेव्हा काही झालं नाही आणि पडलीस ती रिकाम्या हातांनी, ऑफिसच्या जिन्यावर. मांडीपासून घोट्यापर्यंत प्लॅस्टर म्हणजे महिनाभर तरी तुझं येणं होत नाही. ते मात्र हसण्यासारखं नाही, कारण आत्ता तू इथे हवी होतीस.

बाबांचं सांगतो. झटक्यात उजवी बाजू गेली ती गेलीच, पण वाचा परत येईल असं डॉक्टर म्हणत होते. ती आली. फक्त आपली आली नाही. आम्ही बोललो की ते आमच्या तोंडाकडे बघत राहतात, वाट चुकून घरात शिरलेल्या माणसाकडे बघावं तसे. आणि मग बोलतात ते तुर्की. डॉक्टर म्हणाले की असं क्वचित होतं, मागाहून शिकलेली भाषा टिकते आणि घरातली पुसली जाते. जहाज कंपनीच्या कचेरीत उभा जन्म तुर्की पत्रं लिहिण्यात घालवला, तेवढंच आता शिल्लक राहिलंय.

तुला ते जेवणाच्या टेबलावर तुर्की शिकवायला बसले की मी टेबलाखालून पसार व्हायचो. त्यावरून तू मला खारू म्हणायला लागलीस. आता पळायला जागा नाही. ही मला विचारते की बाबा काय म्हणताहेत, आणि मी नंदीबैलासारखी मान हलवतो.

कोपऱ्यावरच्या दुकानात फोन आहे, पण तुझ्या घरी नाही, आणि ऑफिसात तू नाहीस. म्हणून कानावर पडतं तसं लिहून पाठवतो. दिवसभर चाललेला त्यांचा एक शब्द आहे, इस्तेमेम. त्याचा अर्थ तेवढा उलट टपाली कळव.

पायाला जप. तुझी माया आहेच, ती पत्रातून येत राहू दे.

तुझा,
खारू


८ फेब्रुवारी

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद.

शब्द बरोबर ऐकलास. इस्तेमेम म्हणजे मला नको. बाबांनी तुला शिकवायचं सोडायला नको होतं, तुझा कान माझ्यापेक्षा चांगला आहे.

योगायोग बघ. ऑफिसने इंग्रजी-तुर्की कोशाचं माझं काम घरी पाठवलंय आणि सध्या माझ्या पुढ्यात इंग्रजीतलं 'वॉन्ट' आहे. दिसायला गरीब क्रियापद, पण महिना खाल्लाय त्याने माझा. इंग्रज माणसाला पाणी हवं असलं तरी वॉन्ट, भिंतीला रंगाची गरज असली तरी वॉन्ट, कुणात अकलेची उणीव असली तरी वॉन्ट, आणि पोलिसांना चोर हवा असला तरी तेच. तुर्कीत प्रत्येकाची चूल वेगळी. हवं असण्याला इस्तेमेक, गरजेला गेरेकमेक, उणिवेला तिसरंच काहीतरी, आणि चोराला आरानमाक, म्हणजे शोधला जाणं. आपण म्हणतो या कामाला धीर लागतो, तुर्की माणूस म्हणतो काम धीर मागतं, आणि त्या मागण्यालाही इस्तेमेकच. मी पलंगावर पाय पसरून दिवसभर या चिठ्ठ्या लावत बसते, आणि तिकडे बाबा तेच क्रियापद धरून बसलेत हे कळल्यावर काल काही काम झालं नाही. खूप रडू आलं.

आता माझं एक काम कर. आमच्याकडे एका साक्षीवर अर्थ छापत नाहीत. कुणी तरी खरंच बोललेली किंवा लिहिलेली तीन वाक्यं लागतात, आणि प्रत्येकाबरोबर टिपण की कोण बोललं, कुणाशी, समोर काय होतं, पुढे काय झालं. दोनच मिळाली तर तो अर्थ टोपलीत. एकदा आमच्या म्हाताऱ्या संपादकांनी स्वतःच्या बायकोची साक्ष टोपलीत टाकली आणि पुढचे काही दिवस त्यांना बाहेर जेवावं लागलं. तर बाबा कशाकशाला नको म्हणतात ते मला अशा टिपणासकट कळव. नुसता शब्द कळून आपल्या हाती काही लागणार नाही.

तुझ्या बायकोला सांग की तिचे हाल मला इथूनही दिसतात. दोघांवर जीव आहे, तो तसाच राहील.

तुझी,
ताई


१४ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या साक्षी घे. सकाळी हिने सूप पुढे केलं. इस्तेमेम म्हणाले, तोंड फिरवलं, आणि थोड्या वेळाने वाटी चाटूनपुसून संपवली. दुपारी मी पांघरूण घातलं. इस्तेमेम. काढायला गेलो तर डाव्या हाताने घट्ट धरून ठेवलं. दाढी करायला वस्तरा घेतला, पुन्हा तेच, आणि वर स्वतःच गाल पुढे केला. तीन झाल्या. माझ्या मते या शब्दाचा अर्थ काहीच नाही. नळ गळतो तसा तो गळतो. माझ्या चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईक दिसत नाही, दिसत नाही म्हणत तक्त्यावरची शेवटची ओळ वाचून दाखवतं. मी भिंग त्याच्या तोंडावर ठरवत नाही, डोळ्यावर ठरवतो.

हे सगळं एवढं घोळवून लिहायचं कारण वेगळं आहे. बाबांच्या डाव्या पायाचा अंगठा काळा पडला होता, ते आता घोट्याच्या वर चढलंय. रक्तातली साखर. सर्जन येऊन बघून गेले. पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागेल म्हणाले. नाही कापला तर बाबा महिनाही काढणार नाहीत. कापला, आणि भूल झेपली, तर काही वर्षंही निघतील. त्यांनी पेनाने मांडीवर रेघ मारून दाखवली. बाबांनी त्या रेघेकडे पाहिलं आणि इस्तेमेम म्हणाले.

सर्जनने मला विचारलं की रुग्णाचं म्हणणं काय आहे. महिनाअखेरपर्यंत सांगा म्हणाले. ताई, सुपालाही तेच आणि पायालाही तेच म्हणणाऱ्या माणसाचं काय धरायचं? मला बाबा हवे आहेत. हे तुझ्या कोशात कुठल्या चुलीवर बसतं ते तू बघ.

रागावू नकोस. तुझ्या पत्राची वाट बघतोय.

तुझा,
खारू


१९ फेब्रुवारी

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद.

सुपाचं तुझं बरोबर आहे. तुर्की लोकांत म्हणच आहे की मला नको, बाजूच्या खिशात टाक, म्हणजे तोंडाने नको आणि मनात हवं. बाबांची ती लाडकी म्हण होती. पण सूप प्यायले, पांघरूण धरलं, गाल पुढे केला, तसा त्यांनी पाय पुढे केला का? तू ते लिहिलं नाहीस. टिपण अपुरं ठेवून साक्ष आपल्या बाजूला वळवणं आमच्या धंद्यात फार जुनं आहे, मी लगेच ओळखते.

मला विचारशील तर ते खरंच नको म्हणताहेत. दुसऱ्याच्या हाताने पाणी पिणंही त्यांना कधी सोसलं नाही. पण मला वाटणं ही काही साक्ष नव्हे. खरी गोष्ट अशी की त्यांना हा प्रश्न अजून कुणी विचारलेलाच नाही. तुम्ही सगळे त्यांना न कळणाऱ्या भाषेत बोलताय आणि एक अनोळखी माणूस त्यांच्या मांडीवर रेघा मारतोय. मीही नकोच म्हटलं असतं.

तेव्हा विचारायचं, आणि ते तुलाच करावं लागेल. प्लॅस्टर निघायला अजून वेळ आहे. मी पत्र लिहून दिलं असतं, पण झटक्यापासून त्यांना अक्षर लागत नाही. म्हणून सोपं करून देते, पाठ कर. बाजाक म्हणजे पाय. केसेजेक्लेर म्हणजे ते कापतील. योक्सा ओलुरसुन म्हणजे नाहीतर तू मरशील. इस्तियोर मुसुन म्हणजे हवंय का. उत्तर कळावं म्हणून हेही घे, बेन मी, सेन तू, इस्तियोरुम मला हवंय, इस्तियोरसुन तुला हवंय. इस्तेमेम तुला येतंच. बापाला तुर्कीतही बाबाच म्हणतात, तेवढा एक शब्द फुकट मिळाला.

बापाच्या तोंडावर मरशील म्हणणं सोपं नाही. हे थोरलीचं काम होतं आणि ते तुझ्या गळ्यात आलं याचं मला फार वाईट वाटतं. पण सावकाश विचार, एकटाच असताना विचार, आणि ते जे म्हणतील ते मान. माझी एवढी एकच अट आहे.

जिवाला सांभाळ. मनातून मला दूर करू नकोस.

तुझी,
ताई


२५ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

हे हॉस्पिटलच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसून लिहितोय. आज सकाळी बाबांना इथे आणलं.

दोन दिवस दुकानात काचा घासता घासता घोकत होतो. गिऱ्हाइकं बघायला लागली तेव्हा तोंड मिटलं. काल दुपारी हिला बाहेर पाठवलं, खुर्ची पलंगाला भिडवली आणि बाबा म्हणून सुरुवात केली. बाजाक म्हटल्याबरोबर त्यांनी झटकन माझ्याकडे पाहिलं. ताई, दोन महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी मला पाहिलं. मी कापतील म्हटलं, त्यांनी मान हलवली, म्हणजे कळलं होतं. मग मी म्हटलं, योक्सा ओलुरसुन.

त्यावर त्यांनी काय केलं असेल? माझा उच्चार सुधारला. ओलुरसुनमधला ओ आपल्यासारखा नाही म्हणे, ओठांचा चंबू करायचा असतो. डाव्या हाताने माझे गाल दाबून त्यांनी चंबू करून दाखवला. मी पुन्हा म्हटलं. त्यांना पटेना. तोंड वाकडं असूनही ते स्वतः म्हणून दाखवत होते आणि मी त्यांच्यामागून म्हणत होतो, मरशील, मरशील, मरशील, शाळेतल्यासारखं. शेवटी जमलं तेव्हा त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

मग मी विचारलं, इस्तियोर मुसुन. ते म्हणाले, बेन इस्तेमेम. माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, सेन इस्तियोरसुन.

तुझा कागद बघावा लागला नाही, सगळं तोंडपाठ होतं. मला नको. तुला हवंय. एवढं बोलून त्यांनी डोळे मिटले, आणि पांघरुणाखालून डावा पाय त्यांनी हलवला, थोडासा, माझ्या बाजूला. तू विचारलं होतंस ना, पाय पुढे केला का? टिपण आता पुरं करून देतो. केला. का केला ते मला माहीत नाही. कदाचित ठणकत असेल.

मी सही केली. तुझी अट मोडली. मी त्यांना असं जाताना बघू शकत नाही, एवढंच कारण आहे, दुसरं शोधूनही सापडत नाही. उद्या सकाळी नेतील.

तुझी माया उरली असली तर कळव.

खारू


४ मार्च

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद.

तुझी तार आधी आली. शस्त्रक्रिया पार पडली, बाबा शुद्धीवर आहेत. वाचून मी रडले, आनंदाने, शेजारणीला बोलावून सांगितलं. तुझं पत्र दुसऱ्या दिवशी आलं.

मला तुझा राग आलाय आणि तो मी लपवणार नाही. त्यांना विचारलंस, त्यांनी सांगितलं, तुला कळलं, आणि तरी तू तुझंच खरं केलंस. मग विचारलंस कशाला? न विचारता सही केली असतीस तर मी एवढी चिडले नसते. ते तुला हवंय म्हणाले ते मुलाचा हट्ट पुरवावा म्हणून, की काय हा स्वार्थी पोरगा म्हणून, हे तू एका पायाच्या हालचालीवर ठरवलंस. एका साक्षीवर.

हे लिहून पत्र तसंच ठेवलं होतं, आज पुढे लिहितेय. तार हातात असताना मी एकदाही विचार केला नाही की त्यांनी हो म्हटलं होतं की नाही. बाबा आहेत, एवढंच मला पुरलं. मग तुला बोलायचा मला कितीसा हक्क? तरी राग आहेच. दोन्ही आहे, आणि मला ते नीट लावता येत नाही.

'वॉन्ट' छापायला गेलं. पुढच्या आठवड्यात प्लॅस्टर निघतंय, काठी घेऊन निघेन. तोवर बाबांशी बोलत राहा, ते काय म्हणतात ते मला लिही.

माया आहे रे, ती काय रागाने जाते का.

तुझी,
ताई


१० मार्च

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

जखम छान भरतेय. सर्जन खूश आहेत. घरी आणलं, खिडकीपाशी बसवतो, ताप नाही, झोप लागते. विचारेल त्याला सांगण्यासारखं सगळं चांगलं आहे.

तू लिहिलंस की काय म्हणतात ते कळव. काही म्हणत नाहीत. तुर्कीही नाही. वाचा गेली असेल असं मला वाटलं, पण डॉक्टर म्हणतात नवा झटका नाही, जीभ ठीक आहे. झोपेत काहीतरी पुटपुटतात असं ही सांगते.

सूप पुढे केलं की तोंड उघडतात. नाही केलं तर मागत नाहीत. पांघरूण घातलं तर घेतात, काढलं तर काढू देतात. परवा मी मुद्दाम थंडगार सूप दिलं, ते संपवलं. कडू औषध पाण्याशिवाय दिलं, तेही गिळलं. काल खुर्ची ओढून बसलो आणि तो चंबूचा शब्द मुद्दाम चुकीचा म्हटला. दोनदा म्हटला. ते खिडकीतून बाहेर बघत होते, तसेच बघत राहिले.

ताई, मला हवं होतं ते मला मिळालं. ते आता मला कशालाच नको म्हणत नाहीत.

तू लवकर निघ. तुझं तुर्की चांगलं आहे, तुझं ते ऐकतील. त्यांना मुळीच आवडत नाही असं काहीतरी पुढे कर आणि हवंय का विचार. खिशात टाक म्हणायचं नाही, थट्टा करायची नाही, नुसतं विचार. माझ्यावर रागावलीस तरी चालेल, पण त्यांच्याकडून एकदा नको म्हणवून घे.

वाट बघतो.

तुझा,
खारू