दगड, धुकं आणि पायलची सरदारीण

रवि. २ नोव्हें.
माझ्यामुळे खेळात पायलची सरदारीण दगड झाली. तिच्यावर माझा कवचाचा स्पेल (मंत्र) चालू होता आणि मी शहाणीने घाईत उडण्याचा स्पेल टाकला. दोन्हींना एकाग्रता लागते, दुसरा सुरू केला की पहिला गळतो. दोन वर्षं हा फाशांचा खेळ खेळतेय, हे मला पाठ आहे. कवच गळलं, काळ्या जादूगाराने तिच्याकडे पाहिलं, संपलं.
शशीअण्णांचा (खेळ तेच चालवतात, काळा जादूगारही तेच खेळतात, घरही त्यांचंच) नियम: दगड झालेल्याला तीन रविवार. तोवर सुटका नाही झाली तर कॅरेक्टरचा कागद चकलीच्या डब्यात. त्यातून आजवर कुणी परत आलेलं नाही.
परतताना अण्णांच्या देवनहळ्ळीहून आमच्या कोरमंगलापर्यंत दोन तास बस. पा. इअरफोन घालून खिडकीशी.

मंगळ. ४
पीजीत एकाच खोलीत राहतो, तरी पा. बोलत नाही. आज एकच वाक्य: "दोन वर्षं सांभाळून राहिली होती मी तिला." नागपूरहून आली तेव्हा इथे ओळखीचं कुणी नव्हतं. त्या सरदारणीमुळे तिला रविवारची माणसं मिळाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रवि. ९
सुटकेचा स्पेल टाकला, जादूगाराने तोडला. पुन्हा टाकला, पुन्हा तोडला. समोर दिसणाऱ्या कुणाचाही स्पेल तो तोडू शकतो, दर फेरीत एक. वैनींच्या (अण्णांची बायको) पुजारणीकडे दिवा लावायच्या मंत्रापलीकडे काही उरलेलं नाही. पा. दिवसभर स्वयंपाकघरात कॉफी करत. दगडाला फासा कशाला लागतो?
अण्णा म्हणाले, "स्वल्प डोकं चालव अक्का." राग आला. अण्णांचा नाही, माझाच.

गुरु. १३
बेळ्ळंदूर. ऑफिसात टेस्टिंग सोडून नियमांचं पुस्तक उघडलं. कामात वाचतो तसं वाचलं, एकेक शब्द सुटा करून. 'दिसणाऱ्या'. म्हणजे मी दिसलेच नाही तर? धुकं!
पण धुक्याचा स्पेल टाकताना मी दिसणारच, जादूगार तोच तोडेल. शिवाय धुक्यात मलाही मूर्ती दिसणार नाही. सुटकेचा नियम काढला. 'स्पर्श' एवढंच. बघण्याचा उल्लेखच नाही. एकाग्रताही नको. तीनदा वाचलं. कॅबमध्ये एकटीच हसत होते.

रवि. १६
जादू नाही, काही नाही. मार खात चालत मूर्तीपाशी जाऊन उभी राहिले. अण्णांना वाटलं निरोप घ्यायला आलेय. वाटू दे. पा.सुद्धा दारातून म्हणाली, "काहून चालली तिकडे?" तेवढंच. पण मला पुरलं.

बुध. १९
वैनींना फोन. आमच्याकडे आधी फक्त 'मंत्र म्हणते' एवढं सांगायचं. अण्णांनी तोडायचं की नाही ते ठरवायचं. कुठला मंत्र ते मग. म्हटलं, "वैनी, चेहरा तेवढा गंभीर ठेवा."
"सरी (म्हणजे ठीक). बावीस वर्षं तेच करत आले की मी."

रवि. २३
जिंकले!
वैनींनी डोळे मिटले, हात जोडले. "मंत्र म्हणते." अण्णा त्यांच्याकडे बघतच राहिले. मग: "तोडला."
"दिवा लावत होते," वैनी म्हणाल्या.
या फेरीचं तोडणं गेलं. लगेच मी धुकं. अडवायला कुणी नाही. त्याने धुक्यात आंधळी आग फेकली, माझे प्राण अकरावर आले. मार बसूनही एकाग्रता, म्हणजे धुकं, टिकवायला फाशावर दहा हवे होते. चौदा पडले. माझी पाळी आली, मूर्तीवर हात ठेवून सुटकेचा स्पेल टाकला. अण्णांनी पुस्तक चाळलं, मागे गेले, पुन्हा पुढे. शेवटी मिटलं. "सरी. सुटली."
पा. स्वयंपाकघरातून धावत आली. कॉफी उतू गेली. "फासा दे माझा." मी रडले. लाज कसली त्यात.
मग अण्णा तिला: "शुद्धीवर आलीस. भोवती धुकं. शेवटचं आठवतं ते कवच गळल्याचं. हाताशी कुणीतरी उभं आहे, दिसत नाही. काय करतेस?"
पा.ने माझ्याकडे पाहिलं. "तलवार उपसते."
बसची वेळ झाली, खेळ तिथेच थांबवला.

सोम. २४
सकाळी पा. ताट घेऊन माझ्यासमोर बसली.
"तुझे प्राण किती उरले?"
"अकरा."
"माझ्या एका वाराला बारा जातात."
"माहीत आहे. धुकं काढू का? मी दिसेन तुला."
"नको ना बे. जादूगारालाही दिसशील."
जीव भांड्यात पडला. जरा वेळाने विचारलं, "मग तलवार?"
"ती उपसलेलीच आहे," म्हणाली आणि दुसरी इडली घेतली.