स्टेशनची मागची भिंत

लुडविग्सहाफेन, रविवार, १६ नोव्हेंबर

सर, इतकी वर्षं काही लिहिलं नाही, माफ करा. तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा दोन ओळी लिहून फाडल्या होत्या. आज लिहितोय, कारण ज्यावरून तुम्ही मला वर्गासमोर उभं केलं होतंत, तेच मी पुन्हा केलंय. कराडच्या कॉलेजातून तुम्ही आम्हाला ओढ्यावरच्या जुन्या पुलाची मापं घ्यायला पाठवलं होतं. पलीकडं चिखल होता, म्हणून ती बाजू मी अंदाजानं काढली. तुम्ही कागद खिडकीच्या उजेडात धरलात. "पलीकडं गेला होतास काय?" "नाही सर, पण तसंच असणार." "मग तुटक रेघेनं काढायचं, लेका. बघणाऱ्याला कळू दे, तू गेला नव्हतास."

इथं मी इमारतीच्या तळघरातल्या माझ्या खोलीत एका रेल्वेचं छोटं मॉडेल बांधतोय. स्कॉटलंडच्या उत्तरेतली, केव्हाच उखडून टाकलेली लाइन. एक प्लॅटफॉर्म, पाण्याची टाकी, दगडी स्टेशन. फ्लोमार्क्टमध्ये, इथल्या जुन्या बाजारात, मिळालेल्या अल्बमवरून मी दगडांचे थरसुद्धा मोजून घेतले. पण सगळे फोटो प्लॅटफॉर्मच्या बाजूचे. मागची भिंत कुणीच टिपलेली नाही, म्हणून ती मी मनानं केली: निळं दार, दोन पायऱ्या, शेजारी खिडकी. आमच्या फेराइनमधले, म्हणजे मॉडेल-रेल्वेच्या क्लबातले, म्हणाले, मागचं कोण बघतंय?

बघितलं एका ऐंशीच्या गृहस्थांनी, मे महिन्यात, फेराइनच्या प्रदर्शनात. त्यांचे आजोबा त्याच स्टेशनचे स्टेशनमास्तर. आई तिथं मागच्या खोलीत जन्मली आणि लग्न होऊन इकडे जर्मनीत आली. त्यांनी स्वतः ते स्टेशन कधी पाहिलं नव्हतं. मोबाइलची बॅटरी लावून ते वाकले. "दार असंच होतं?" मी म्हणालो, "गेनाऊ." अगदी असंच.

तेव्हापासून ते दर रविवारी कायझर्सलाउटर्नहून येतात. माझ्या चहाला "हे तर सूप" म्हणून चिडवतात आणि दुसरा कप मागतात. आईनं सांगितलेलं सांगत बसतात. हल्ली सांगतात, लहानपणी आई त्या निळ्या दाराच्या पायरीवर बसायची. हे आधी कधी सांगितलं नव्हतं. आज त्यांनी दाराचा फोटो मोठा करून आणला. स्कॉटलंडमधल्या थोरल्या बहिणीला वाढदिवसाला पाठवायचाय. "मागं 'आईचं दार' असं लिहा. तुमचं अक्षर चांगलं आहे." मी पेन शोधतो म्हणालो, मग विषय बदलला. फोटो ठेवून गेलेत. टेबलावर आहे, मागची बाजू अजून कोरी.

त्यांचं मन मोडू नये म्हणून गप्प आहे, असं मी स्वतःला सांगत होतो. सर, ते खरं नाही. माझी मुलगी तिच्या आईकडे राहते. फोनवर मराठीत विचारलं की जर्मनमध्ये दोन शब्द बोलते आणि ठेवते. माझ्या दाराची बेल आठवड्यात एकदाच वाजते, ती या माणसाची. प्रदर्शनात "ठाऊक नाही" म्हटलं असतं, तर ते पुढच्या टेबलाकडे गेले असते. मला ते जायला नको होते.

हे पत्र वहीतच राहणार.

उद्या: त्यांना फोन करून सांगायचं, ते दार माझ्या मनातलं आहे.