डिर्नडल म्हणजे कोण?

३ सप्टेंबर
रेल्वेच्या तिकीट खिडकीतून निवृत्त झाल्यावर प्रथमच आयुष्याला दिशा! गावच्या पोशाख मंडळाच्या समारंभात माझं भाषण. विषय: 'डिर्नडल', म्हणजे आमच्याकडच्या बायकांचा पारंपरिक झगा, या शब्दाचं मूळ. दुसरं कुणी मिळेना म्हणून तुला घेतलं, असं इग्नाट्स म्हणाला. मंडळाच्याच बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतो. मत्सर, दुसरं काय.
खरा हेतू: वालबुर्गा. विधवा. शिवणकामाचं दुकान. गावातली निम्मी डिर्नडलं तिच्याच हातची. भाषण ऐकून विरघळेल. नाताळपर्यंत लग्न.

८ सप्टेंबर
संशोधन जोरात. शब्दकोश आणला. उघडायचाय. आज गुडघा दुखतोय.

१२ सप्टेंबर
उघडला. 'डिर्न' म्हणजे मुलगी. शेतावर राबणारी मोलकरीणही. 'डिर्नडल' म्हणजे छोटी पोर. आधी पोरीला म्हणत, मग तिच्या झग्याला. तिकडे शहरात मात्र 'डिर्न' घसरत घसरत थेट बाजारबसवीपर्यंत गेला. थरारक! हे सांगायलाच हवं.

१५ सप्टेंबर, सकाळ
वालबुर्गाला वाचून दाखवलं. तोंडात टाचण्या, त्यामुळे व्यत्यय नाही. मग टाचण्या काढून म्हणाली, अहो कोर्बिनियान, पोरीपर्यंत गोड आहे, तिथंच थांबा. किती जपते मला! पण अभ्यासकानं अर्धवट सोडायचं नसतं.

१९ सप्टेंबर
भाषण अप्रतिम झालं. मोलकरणीपाशी सभागृह शांत. बाजारबसवीपाशी आणखी शांत. पहिल्या रांगेतून हिरव्या रेशमी डिर्नडलमधल्या सरपंचीणबाईंनी विचारलं, हे मला उद्देशून का? मी म्हटलं, छे, तुम्हा सगळ्यांनाच. तेवढ्यात इग्नाट्सनं ट्रम्पेटवर पोल्का नाचाची धून सुरू केली. माझ्या सन्मानार्थ असावी. भाषण मात्र अजून बरंच उरलं होतं.
वालबुर्गा दिसली नाही. भावना अनावर झाल्या असतील.

२० सप्टेंबर
अभिनंदन स्वीकारायला तिच्या दुकानी गेलो. म्हणाली, माझे वडील मला डिर्नडल म्हणायचे, शेवटच्या आजारपणातसुद्धा. काल सगळ्या गावासमोर काय करून ठेवलंत हो त्या शब्दाचं?
मी तळटीप समजावणार होतो. पण कोपऱ्यात इग्नाट्स बसलेला, तिला सुईत दोरा ओवून देत. तोंडातून चकार शब्द नाही. विद्वत्ता शून्य.
तिनं त्याच्यापुढे प्लम केक ठेवला. मला बसा म्हणाली नाही.
थोडा वेळ उभा राहिलो. मग आलो.