उडदाच्या पोत्यावरची चाचणी

अमडापूर, मंगळवार

श्री. दयारामभाऊंना साडू उत्तमरावचा रामराम.

तुमचा गुडघा, अन्नपूर्णाताईंचा खोकला आणि विशेषतः दोघांचे दात ठीक असतील अशी आशा करतो. (फोनच केला असता, पण तो ताई उचलतात.) इकडे सर्व खुशाल असून माझ्या छातीवरचा दगड काल उतरला, तो असा.

आमच्या प्रतीक्षाची नेमबाजीची स्पर्धा रविवारी बुलडाण्याला आहे. छर्ऱ्याची बंदूक तिची, पण छर्रे कोणते घ्यावे हे घरात मलाच कळतं (शिकवणी न लावता). म्हणून शुक्रवारी चपट्या तोंडाचे वीस आणि टोकदार वीस, बंदूक उशीवर टेकवून, मी स्वतः झाडले. मागे भिंत असली की छर्रा चेपतो, मग तपासता येत नाही. म्हणून कागद उडदाच्या पोत्यावर लावला. शेजारची झुंबरबाई ओट्यावरून म्हणाली, "काऊन हो, उडीद काय पळून जाऊन राह्यले, तं गोळ्या घालता त्याइले?"

चपट्यांची सगळी भोकं माझ्या अंगठ्याखाली झाकली गेली. टोकदारांपैकी चार मात्र कागदालाच लागले नाहीत. आणि तेवढ्यात कुंपणापलीकडे भाऊरावची बकरी लंगडू लागली. तो म्हणाला, "बकरी माही, निशाणा तुमचा. मी ठाण्यात चाललो." बंदूक ठाण्यात गेली तर पोरगी रविवारी काय नेम धरणार, बोट? मी भाऊरावला टोकदार छर्ऱ्याचे दोष समजावले. त्याला तो कबुलीजबाब वाटला. शेवटी ढोरांच्या डॉक्टरला दाखवेपर्यंत थांबायला तयार झाला. मला दोन दिवस भाकर गोड लागली नाही.

काल डॉक्टरांनी खुरातून बाभळीचा काटा काढला. "काटाच निघाला," भाऊराव म्हणाला, जरा नाराजीनेच. म्हणजे ते चार छर्रे कागदाच्या खालून पोत्यातच गेले, हे सिद्ध झालं. प्रतीक्षा चपटे नेणार.

आपला,
उत्तमराव

ता. क. : शनिवारी सौ.ने एसटीने तुम्हाला पाठवलं ते पोतं हेच. मी चाळण्याआधीच तिने तोंड शिवलं. छर्रा आणि उडीद दिसायला सारखेच, तेव्हा आधी शिजवू नका. चुंबक फिरवू नका, शिसं त्याला चिकटत नाही. स्टीलच्या ताटात थोडे थोडे ओता. खणकन वाजेल ते आमचं.

आणखी ता. क. : छर्रे मोजून पाठवा, टोकदार वेगळे. वीस भरले तर उत्तम. एकोणीस भरले तर पुन्हा मोजा. तरी एकोणीसच, तर आपल्या दोघांतच राहू द्या. बकरी आता नीट चालते.