मुळांच्या जागी

प्रिय विराज,

हे पत्र तुला सुशांत आणून देईल. शेवंतीकाकींचा सुशांत रजा संपवून परवा मोपाच्या विमानतळावरून मस्कतला निघतोय, त्याच्याबरोबर थोडी आमसुलं आणि कुळथाचं पीठही दिलंय. दर रविवारी फोनवर बोलतो, मग अक्काने एवढी पानं भरून काय लिहिलंय, असं तुला वाटेल. वाचत गेलास की कळेल. बाबा बरे आहेत, हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं वाचताना तुझा जीव तिथेच अडकून राहील.

घराची दुरुस्ती काढलीय, एवढंच मी तुला सांगत आले. खरी गोष्ट मागच्या खोलीची. तुला आठवत असेल, तिला खेटून रायवळ आंबा होता आणि त्याच्या मुळांनी खोलीतला सिमेंटचा कोबा मधोमध उचलला होता. आपण तिथे गोट्या ठेवायचो आणि त्या आपोआप दाराकडे घरंगळायच्या. बाबा दरवर्षी म्हणायचे की झाड तोडूया, आणि आई दरवर्षी म्हणायची की कोबा फोडा, झाडाला हात लावू नका. शेवटी तो आंबा तौक्ते वादळात पडला, रस्त्याच्या अंगाला. पडतानाही त्याने घराला धक्का लावला नाही. त्याच्या पुढच्या आठवड्यात त्याच खोलीत आई गेली. तेव्हा विमानं बंद होती, तू येऊ शकला नाहीस. पुढेही तुझं येणं काही ना काही कारणाने राहत गेलं. ते मी कधी विचारलं नाही, आताही विचारत नाही.

बुंधा बाबांनी तसाच ठेवला. दोन-तीन पावसाळे काही झालं नाही. मग गेल्या गणपतीत खोलीचं दार लागेना. चौकट तिरकी झाली होती. कोबा आता वर उचलत नव्हता, खाली बसत होता. भिंतीपासून सुटून त्याला एक भेग पडली आणि ती वळत वळत थेट आईच्या खाटेखाली गेली. वर स्लॅबचीही रडकथाच. खारा वारा खाऊन सळया गंजल्या, फुगल्या आणि खालचं सिमेंट पापुद्र्यासारखं सुटून पडू लागलं. हल्ली पाऊस दिवाळी झाली तरी हटत नाही आणि हटला की दुसऱ्या दिवसापासून भट्टी. माती फुगते, आवळते, त्यावर उभ्या असलेल्या घराने तरी काय करावं.

मालवणहून भक्ती नावाची एक इंजिनिअर येते, अशीच कामं करते, जामसंड्यात तिने दोन-तीन घरं सावरलीत. तिने हातोडीने ठोकत ठोकत सगळं घर ऐकलं. हो, ऐकलंच म्हणायला हवं. चांगलं काँक्रीट खणखणतं, सुटलेलं भद्द वाजतं. तिच्याबरोबर हरिश्चंद्र गवंडी. दोघांनी मिळून स्लॅबचं सुटलेलं सगळं काढलं, सळया घासून लखलखीत केल्या, गंज धरू नये म्हणून लेप दिला आणि नवा गिलावा केला. वरचं काम सुरळीत झालं. मग भक्तीने कोब्यावर हातोडी टाकली आणि ती थांबली. हरिश्चंद्राने टाच आपटून पाहिली नि माझ्याकडे बघून म्हणाला, "बाय, ह्यां सगळां पोकळ आसा. तुमी पेटीच्या झाकणार उभी आसास."

त्यांनी भेगेच्या कडेला एक भोक पाडलं. त्यातून वारा आला, विराज. गार, कुजल्या पानांच्या वासाचा वारा, जोराचा नाही, झोपलेल्या माणसाच्या नाकाशी हात धरला तर लागतो तेवढा. थोड्या वेळाने तो उलटा फिरला. मी देवाकडची उदबत्ती आणून धरली, तर धूर वर न जाता खाली वळला आणि भोकात शिरला. भक्तीने मला नीट समजावलं. झाड मेलं, मुळं कुजली, वाळवीने खाल्ली, उरलंसुरलं पावसाच्या पाण्याने विहिरीकडे धुऊन नेलं. माती मात्र जांभ्याची, घट्ट, ती ढासळली नाही. मुळं गेली आणि मुळांच्या जागी त्यांच्याच आकाराची बिळं राहिली. ती विहिरीत उघडतात, म्हणून वारा आतबाहेर करतो. तिने पुढे सांगितलं की सिमेंटचं पातळ पाणी आत सोडून सगळं भरून घ्यायचं, वर जाळी घालून नवा कोबा करायचा. मला पटलं. तरी त्या दिवसापासून मी त्या खोलीत अनवाणी गेले नाही. आपण ज्या झाडाला विसरलो ते खाली तसंच्या तसं, फांद्या खाली करून उभं आहे आणि आपण त्याच्यावर चालतोय, हे मनातून जाईना.

काम थांबलं ते बाबांमुळे. ते म्हणाले की इतक्यात भरू नका. कारण सांगेनात. मग एका दुपारी शाळेतून लवकर घरी आले, तर बाबा त्या खोलीत जमिनीवर आडवे. मला वाटलं, पडले. धावत गेले, तर त्यांनी डोळे न उघडता हात वर करून मला गप्प केलं. भेगेला कान लावून पडले होते.

"बाबा, काय करताय?"

"आयकतंय."

"काय?"

"तुझी आवस जेवूक बोलावता. 'येतास मां?' म्हणता."

मी हसण्यावारी नेलं नाही, रडलेही नाही. मी विहिरीवर गेले. तिथे शेवंतीकाकी पाणी काढत होत्या, सुनेशी मोठमोठ्याने बोलत होत्या. मी त्यांना आणखी मोठ्याने बोलायला सांगितलं, परत खोलीत येऊन कान लावला, आणि काकींचा शब्द न् शब्द खालून आला, जवळच बसल्यासारखा. मला इतकं हायसं वाटलं म्हणून सांगू. मी बाबांना म्हटलं, बघा, हे काकींचं बोलणं. बाबा उठून बसले, लुंगीवरची धूळ झटकली आणि अगदी शांतपणे म्हणाले, "ता माका म्हायत आसा गो. शेवंतीचो आवाज माका कळता. शेवंती घरात गेल्यार मगे जो येता, तो आयक."

मी ऐकला नाही. खरं सांगायचं तर माझा धीर झाला नाही. बाबांना मात्र रोज जाऊ दिलं. दुपारी जेवण झालं की ते उशी घेऊन तिकडे जायचे. चेहऱ्यावर काय समाधान असायचं, विराज! आई गेल्यापासून असा चेहरा पाहिला नव्हता. पण जेवण तुटत चाललं. पानावर बसायचे, दोन घास खायचे, म्हणायचे की भूक नाही, तिकडे वाढलंय. "तिकडे वाढलंय" हे ते इतक्या सहज म्हणायचे की माझ्या हातातली पळी थांबायची. त्यांची हाडं दिसू लागली. मी भक्तीला बोलावून घेतलं आणि बजावलं की आता कोणाला विचारायचं नाही, भरून टाक. ती म्हणाली, दोन दिवसांत सामान आणते.

त्या दोन दिवसांतच ते झालं. भर दुपार, हरिश्चंद्र मागच्या पडवीत वाळू चाळत होता. आतून मोठा आवाज आला, नारळ फुटावा तसा. आम्ही धावलो. कोब्याचा एक तुकडा आत गेला होता आणि बाबा काखेपर्यंत जमिनीत. दोन्ही हात बाहेर, पाय खाली लोंबकळत. मी पालथी पडून त्यांचे हात धरले. हरिश्चंद्र ओरडत होता, "बाबांनू, हालू नका!" त्याने खाटेची फळी आडवी टाकली, पण कडा सुटत होत्या, माझ्या छातीखाली कोबा कुरकुरत होता, आणि घामाने बाबांची मनगटं माझ्या हातांतून सरकत होती. ती सुटली, विराज. मी सांगते ना, माझ्या हातांतून ती सुटली. आणि बाबा खाली गेले नाहीत. ते वर आले. आम्ही कोणी न ओढता कमरेपर्यंत वर आले. हरिश्चंद्राने त्यांना काखेत धरून फळीवर घेतलं आणि स्वतः भिंतीला टेकून बसून राहिला.

बाबांना खरचटलं, तेवढंच. मी पाणी दिलं. ते म्हणाले, "पायाखाली दोन हात इले गो. तिना माका वर ढकलल्यान." मग लहान मुलासारखे रडले. रडणं ओसरल्यावर म्हणाले, "माका थंय नको म्हणता ती. भरून टाका आता." मी त्या खड्ड्यात टॉर्च मारून पाहिलं. आत माणूस मावेल एवढं बीळ होतं, भिंती गुळगुळीत, कुठे कुठे सालीचा काळा पापुद्रा अजून चिकटलेला. उभं राहायला, पाय टेकायला काही नव्हतं. तळ दिसलाच नाही.

पुढच्या दिवशी भक्तीने विहिरीकडची तोंडं चिऱ्यांनी बुजवली आणि भरायला सुरुवात केली. सिमेंटचं पाणी आत जात राहिलं, जातच राहिलं. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. भक्ती पुन्हा पुन्हा विहिरीत वाकून बघायची, कुठे बाहेर पडतंय का, पण थेंब नाही. हरिश्चंद्र पुटपुटायचा, "ह्यां सगळां पिता कोण?" तिसऱ्या दिवशी संध्याकाळी एकदम काठोकाठ भरलं आणि थांबलं. मग बुंधा काढला, घराभोवतीचं पाणी बाहेर जायला उतार दिला, जाळी घालून नवा कोबा केला. आता हातोडी मारली की खणखणतं. दार अलगद लागतं. बाबा जेवतात, संध्याकाळी पारावर जाऊन बसतात, परवा बांगडा तिखट झाला म्हणून माझ्यावर ओरडलेसुद्धा. इथली गोष्ट इथे मिटली.

राहिलं ते एवढंच. बाबांना बाहेर काढलं त्याच दिवशी उन्हं उतरताना ते माजघरात निजले होते. मी हरिश्चंद्राला चहा घ्यायला पाठवलं आणि त्या भगदाडाच्या काठावर एकटी बसले. विहिरीवर कोणी नव्हतं, मी उठून बघून आले होते. मला निरोप घ्यायचा होता, दुसरं काही मनात नव्हतं. खालून आवाज आला. आईचाच, किंचित दमलेला, दळून उठल्यावर असायचा तसा. जेवणाचं काही नाही, बाबांचं काही नाही. "गौरू, विरू खंय आसा?" आणि मी, या वयाची बाई, शाळेत पोरांना विज्ञान शिकवणारी, घरात आईने विचारल्यावर आपण जसं सांगतो तसं सांगून मोकळी झाले: "मस्कताक आसा गे, आई." मग वारा आत ओढला गेला, बराच वेळ, आणि परत बाहेर आलाच नाही. मी ही गोष्ट पोटात ठेवली. आणि गेल्या रविवारी तू फोनवर हसत हसत म्हणालास की तुझ्या खोलीतली फरशी अचानक पोकळ वाजायला लागलीय, मधली एक उचललीय, आणि दुपारी तिथे आडवं झालं की खालून कोणी बाई बोलल्यासारखं वाटतं, आपल्याकडच्या बोलीत. खालच्या घरात कोणी मालवणी राहायला आलं असेल, म्हणालास. मी हो म्हटलं आणि फोन ठेवला. तुझ्या बाराव्या मजल्यावर कुठली माती रे, आणि कुठल्या झाडाची मुळं? मी बाबांना सगळं सांगितलं. ते घाबरले नाहीत, म्हणाले, फोनवर बोलू नको, तो हसण्यावारी नेईल, लिहून कळव. म्हणून हे पत्र. तू त्या फरशीला कान लावून पडून राहू नकोस, विराज, कितीही गोड वाटलं तरी, आणि तिकडे काही वाढलंय असं वाटलं तरी जेवण चुकवू नकोस. बाबांचा निरोप त्यांच्याच शब्दांत देते: "तेका म्हण, आवशीक सांग, घराक येतंय. आणि सांगल्यार मगे खरोखरच ये. नायतर ती वाट बघीत थंय एकटी रवतली."

तुझीच,
अक्का