कांदा, कात्री आणि माझा जबडा

आसेगाव, बुधवार

ती. आत्याला शुभांगीचा वाकून (म्हणजे मान न हलवता) नमस्कार.

तुझे गुडघे बरे असतील, आणि नसले तरी तू सांगणार नाहीस, म्हणून पुढे लिहिते. व्हॉट्सॲपवर एवढं लांबलचक पत्र, कारण फोनवर बोलता येत नाही. जबड्याचं ऑपरेशन झाल्यापासून वरचे-खालचे दात रबरांनी बांधलेत. (बाबा आयुष्यात पहिल्यांदाच माझ्याशी वाद जिंकतायत.)

चेहरा मात्र छान झालाय. पुढचे दात आता एकमेकांना भेटतात, पूर्वी शेंगदाणासुद्धा मधून निसटायचा. सगळं सुरळीत चाललं होतं आणि तिसऱ्या आठवड्यात वरणाचं पाणी पिता पिता नाकातून भळाभळा रक्त! बाबा बाजाराला न्यायच्या मेथीच्या जुड्या टाकून धावले. "उन्हाळा हाय वं, घोळणा फुटला! कायले घाबरून राह्यली?" म्हणत त्यांनी कांदा फोडून नाकाला लावला. शेजारच्या बेबीताईंनी डोक्यावर तांब्या ओतला. रक्त थांबलं आणि बाबा डॉक्टर झाले. आता भेटायला येणारा प्रत्येक जण कांदा घेऊनच येतो.

नागपूरच्या सर्जनबाईंना मी सगळं लिहून कळवलं. त्या म्हणाल्या, ही उष्णता नव्हे. हाड कापलं तिथली रक्तवाहिनी उशिरानं फुगली असावी, फुटली तर जिवावर बेतेल. ताबडतोब या, मांडीतून बारीक नळी घालून ती बंद करता येते. बाबांना हसूच आवरेना. "नाकाचा इलाज मांडीतून? मले येडा समजते का ते बाई?"

मला भीती वाटतेय, आत्या. तेवढं सोडलं तर मजेत आहे.

तुझी,
शुभांगी

ता.क. बाबा जगात फक्त तुला घाबरतात. त्यांना आजच झाप.

ता.क. २. तोंडात रक्त किंवा उलटी आली तर श्वास कोंडू नये म्हणून रबरं कापायला दवाखान्यानं घरी सोडताना कात्री दिली होती, उशाशी ठेवायला. बाबा ती मेथीच्या जुड्यांची सुतळी कापायला खिशात घालून फिरतात. त्याबद्दलही झाप.

ता.क. ३. झापू नकोस. मघाशी पुन्हा रक्त आलं. बाबांनी कांदा फोडला, माझ्याकडे पाहिलं आणि तो तसाच खाली ठेवला. खिशातली कात्री काढून माझ्या हातात दिली आणि नागपूरला जायला गाडी बोलावली. रक्त थांबलंय, हे गाडीतूनच लिहिते. वाटेत कारंज्याला तुला घेतो, तयार राहा. माझ्यासाठी नाही, बाबांसाठी. त्यांचे डोळे मंगरूळपीरपासून वाहतायत आणि ते म्हणतात, कांदा लय तेज होता.