शेवटच्या टाकीतलं मीठ

प्रिय छोटू,

तुझा फोन आला की बाबा म्हणतात, सगळं ठीक आहे. काही ठीक नाही. मधल्या टाकीतले मासे डोळे बाहेर येऊन, गोल गोल फिरत मेले. मी आणि गड्याने ते जाळीने उपसले. हाताचा वास अजून जात नाही.

बाबांचं औषध तुला ठाऊकच आहे. मासा आजारी दिसला की टाकीत मीठ. आपल्या लहानपणी कल्ल्यांवर पांढरे चट्टे पडायचे, तेव्हा या मिठानेच मासे वाचले, हे खरंच. त्या जंतूला खारं पाणी सोसत नव्हतं. हा जंतू वेगळा आहे. मासे तपासणाऱ्या प्रयोगशाळेतल्या बाईंनी तो काचेच्या बशांत वाढवून दाखवला आणि त्यावरचं औषधही दिलं, ते तसंच पडून आहे. साध्या पाण्यात बेताचा, हलक्या खाऱ्या पाण्यात नुसता माजलेला. वर आपला मासा गोड्या पाण्यातला, तो मिठाने आणखी थकतो. म्हणजे आपण आजाऱ्याला दमवून आजार पोसतोय.

हे मी बाबांना शांतपणे सांगितलं, चिडून सांगितलं, रडकुंडीला येऊन सांगितलं. त्यांचं एकच, तू जन्मायच्या आधीपासून मी मीठ टाकतोय. मीठ कुलपात ठेवलं तर अबोला धरला आणि नवं पोतं आणलं. डोकं आपटून घ्यावंसं वाटतं रे. माशांचं शिक्षण माझं, टाक्यांवर राबते मी. तू टायर विकतोस. तरी तू सहज म्हणालास, पंप जुना झालाय, तर त्याच दुपारी नवा आला. मी वर्षभर तेच सांगत होते. हसू नकोस.

आता कोपऱ्यातली टाकी उरलीय, अंडी देणाऱ्या माद्यांची. त्या गेल्या की पिल्लं नाहीत, धंदाच संपला. आज त्यातली एक तिरकी पोहताना दिसली आणि बाबांनी पोतं तिथे ओढत नेऊन ठेवलंय. उद्या सकाळी ओतणार. घरातला फोन त्यांच्या खिशात असतो, म्हणून माशांचं खाद्य आणणाऱ्या गाडीवाल्याच्या हाती हे पत्र देतेय, तो आज रात्रीच तुझ्याकडे पोचेल. सकाळी लवकर फोन कर. म्हण, कुणीतरी जाणकार भेटला होता, या आजारात मीठ नको म्हणाला, प्रयोगशाळेतून मिळतं ते औषधच द्या. माझं नाव घेऊ नकोस. मी शेजारीच उभी असेन, पहिल्यांदाच ऐकतेय असा चेहरा करून.

तुझीच,
ताई